नोरा, आपल्याच घरातली नवी मुलगी

नोरा,

तू गेलीस त्याला आज सोळा दिवस झाले. आमच्याकडे तेरावं झालं की गेलेल्या माणसाला सारख्या हाका मारून अडवून धरू नये म्हणतात. पण हा नियम तुला लागू नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय. तू कुठलाही नियम नीट विचारल्याशिवाय मान्य केला नाहीस, आणि मीही आता सत्तरीच्या पुढे आहे, मला कोण अडवणार.

पहिली अडचण अशी की तुला म्हणू काय. पाच वर्षं आपण इंग्रजीत बोललो. तिथे एकदा यू म्हटलं की काम झालं, लहानाला तेच आणि मोठ्यालाही तेच. तू माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. मिरजेत आमच्या गल्लीत राहात असतीस तर ‘अहो नोराबाई’ म्हणावं लागलं असतं. पण जिच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मी इतकी भांडले, तिला अहो म्हणून कसं भांडायचं? तेव्हा तूच.

आणि हे आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकात छापायचंय. ज्यांनी तुला पाहिलं नाही त्यांना कळायला हवं, म्हणून तुला माहीत असलेलंच तुला मधूनमधून सांगेन. ऐकून घे. तुझं बोलणंही मराठीत लिहिणार आहे. तुझं ते घोळदार आयरिश इंग्रजी मला लिहिता येणार नाही, आणि आलं तरी कुणाला कळणार नाही.

त्या दिवशी फ्यूनरल होममध्ये तुला शेवटचं बघण्यासाठी ठेवलं होतं. लोक रांगेने येत होते, तुझ्या मुलीशी, मेव्हशी हात मिळवत होते, चॉकलेटी कोटातले म्हातारे तुझ्या गोष्टी सांगून चक्क हसत होते. मला आधी ते विचित्र वाटलं, मग बरं वाटलं. माझी नात इरा माझ्यासोबत होती. बारा वर्षांची आता, माझ्या खांद्याच्या वर गेलीय. ती एकटीच पुढे गेली आणि तुझ्याजवळ उभी राहून तुझ्याशी बोलायला लागली. मराठीत. पुटपुटत नव्हती, शाळेतून आल्यावर पोरं आईला सांगतात तसं सांगत होती. सायन्सची टेस्ट कशी गेली, जुलैत कोण कोण यायचं म्हणतंय, तुझ्या केसांचा भांग कुणीतरी उलट्या बाजूला पाडलाय, तो तिला आवडला नाही. मी मागे उभी राहून ऐकत होते. श्वाससुद्धा हळू घेत होते.

मग तिने वळून पाहिलं, मी दिसले, आणि ती म्हणाली, “आजी, आर वी लीव्हिंग?”

तुझ्याशी मराठी, माझ्याशी इंग्रजी. तीन वर्षं हेच चाललंय आणि याच गोष्टीवरून आपलं भांडण अर्धं राहिलंय. ते आज पुरं करायचंय मला.

आपली ओळख लायब्ररीतली. मी ओहायोतल्या या डब्लिनमध्ये मुलाकडे कायमची राहायला आले, तेव्हा सून वैशाली म्हणाली, “आई, लायब्ररीत मंगळवारी इंग्लिशचं टेबल असतं, जाऊन बघा तरी.” माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढचं सगळं वाचून वाचून, किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय फेकला नाही मी. पण इंग्रजी बोलायचं म्हणजे जीभ टाळ्याला चिकटायची. त्या टेबलावर एक चिनी आजोबा, एक सोमाली बाई, एक मी, आणि टेबलाच्या टोकाला तू. पांढरे कापलेले केस, पुरुषी घड्याळ. पहिल्याच दिवशी म्हणालीस, “इथे चूक करायला या. बरोबर बोलणारी माणसं बाहेर खूप आहेत.”

पाण्यासारखा चहा पिणाऱ्या या देशात तुझ्या घरी पहिल्यांदा मला चहासारखा चहा मिळाला. काळा कडक, वर दूध. मी म्हटलं, “आमच्यासारखाच.” तू म्हणालीस, “आमच्यासारखा. तुमच्यात वेलची असते.” हेही तुला माहीत होतं, कारण इस्पितळात नर्स म्हणून चाळीस वर्षं काढलीस आणि त्यातली निम्मी भारतीय डॉक्टरांबरोबर.

त्या चहावर तुझी शाळा निघाली. आपल्या गावाचं नाव डब्लिन, जिथे तिथे आयर्लंडची खूण म्हणून हिरवी तीन पानं रंगवलेली. त्याची तू भरपूर चेष्टा करायचीस. म्हणायचीस, “या पानांना विचार, आयरिश भाषेत एक वाक्य येतं का.” तुला येत होतं. तुझे वडील आयर्लंडच्या मधल्या एका इंग्रजी बोलणाऱ्या गावातले दुकानदार. त्यांच्या आजीची भाषा त्यांना येत नव्हती, ते त्यांना सलत होतं, म्हणून त्यांनी तुला बाराव्या वर्षी समुद्राकाठच्या एका शाळेत पाठवलं. नन चालवायच्या ती शाळा. सगळ्या मुलीच. राहायचं तिथेच, आणि जेवणं, प्रार्थना, गणित, भांडणं सगळं आयरिशमध्ये. लोखंडी खाटा, थंड पाण्याची भांडी, रविवारी दोन दोनच्या रांगेने वाळूवर फिरायला. इंग्रजी फाटकाबाहेर ठेवून आत यायचं.

हे ऐकून मी घरी आले ती हवेतच. मला वाटलं, सापडलं औषध. कारण माझ्या घरात तेव्हा एक दुखणं होतं: इराने मराठी बोलणं सोडलं होतं. आठ वर्षांपर्यंत पोपटासारखी बोलायची आणि एकदम थांबली. शनिवारची मराठी शाळाही सोडली. तर मी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं की आजपासून घरात इंग्रजी बंद. मुलगा हसला. वैशाली म्हणाली, “आई, माझे कॉल्स असतात हो.” मी म्हटलं, कॉल सोडून.

इराने काय केलं? काही नाही. बोलायचंच थांबली. पाणी हवं तर उठून घ्यायची. आईला काही सांगायचं तर कागदावर लिहायची. अकरा दिवस. बाराव्या दिवशी वैशालीचा आवाज चढला, तो मी पहिल्यांदाच ऐकला. “आई, बास. मला माझी मुलगी बोलायला हवीय, कुठल्याही भाषेत.”

मी तुझ्याकडे तक्रार घेऊन आले. म्हटलं, तुमच्या नन्सना जमलं ते मला का जमत नाही. तू ब्रेड कापत होतीस. सुरी खाली ठेवलीस आणि विचारलंस, “नियमाच्या आधी ती का थांबली होती?”

मी म्हटलं, “मुलं थांबतात. इथली हवा.”

“हवेने कुणी बोलायचं थांबत नाही, सुमन. काय झालं होतं?”

मग मला सांगावं लागलं. जे मी मुलालाही धड सांगितलं नव्हतं ते. इरा आठ वर्षांची असताना एक दिवस मला काहीतरी समजावून सांगत होती, अगदी मनापासून, हातवारे करून. मराठी तिची, म्हणजे अर्धे शब्द इकडचे तिकडे. मला इतकं गोड वाटलं की मी फोनवर ते घेतलं आणि फॅमिली ग्रुपवर टाकलं. मिरज, सांगली, पुणे, सगळीकडे गेलं. नणंदेने तिच्या ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारी ती पिवळी तोंडं पाठवली. त्या डिसेंबरात आम्ही मिरजेला गेलो, तर दार उघडणारा प्रत्येक जण तिला म्हणे, “अगं ते म्हणून दाखव ना.” पाहुणे आले की म्हणून दाखव. एका लग्नात तर नवऱ्या मुलीसमोर. मीही म्हणायचे, दाखव गं, लाजतेस काय. तिसऱ्या दिवसानंतर तिने कुणालाच काही म्हणून दाखवलं नाही, आणि परतीच्या विमानापासून इंग्रजी.

प्रेमानेच केलं होतं गं सगळ्यांनी. आम्ही असेच आहोत. पोराच्या बोबड्या बोलाचा आम्ही सण करतो.

तू कापलेला ब्रेड फडक्यात गुंडाळलास. मग म्हणालीस, “मी तुला शाळेचा दुसरा नियम सांगितला. पहिला सांगायचा राहिला, चूक माझी.” तुमच्या शाळेत पहिला नियम इंग्रजीचा नव्हता. पहिला नियम होता हसण्याचा. नव्या मुलीच्या आयरिशला जी हसेल तिचं रविवारचं फिरणं बंद. आणि प्रत्येक नव्या मुलीला एक जुनी मुलगी नेमून दिलेली. ती टेबलावर तिच्या शेजारी बसायची, जेवणाला एक वाक्य तिला द्यायची. लोणी हवंय तर लोणी मागायचं वाक्य. चुकलं तरी लोणी मिळायचंच. कुणी दुरुस्त करायचं नाही, नुसतं लोणी पुढे करायचं.

“लोणी पुढे आलं की कळतं, आपलं म्हणणं समजलं,” तू म्हणालीस. “तेवढंच हवं असतं.”

त्याच महिन्यात तू ते डोक्यात घेतलंस. तुझ्या चार बेडरूमच्या घरात तू एकटी. मेव्ह ओरेगनला. म्हणालीस, जुलैत एक आठवडा माझं घर घे, मंडळातल्या मुली आण, मुक्काम करू दे, घरात फक्त मराठी. मी म्हटलं, तुला मराठी येत नाही, घर तुझं, तू कुठे जाशील? “जाईन कशाला? मला कुणीतरी जुनी मुलगी नेमून द्या.”

पहिल्या वर्षी सात मुली आल्या, नऊ ते तेरा वर्षांच्या. आया दारापर्यंत सोडायला आल्या, दहा दहा सूचना देऊन गेल्या. एकीने तर पोरीच्या बॅगेत इन्स्टंट नूडल्स लपवले होते, भाकरी नाही आवडली तर म्हणून. इरा आली ती तोंड पाडून. तिला मी जबरदस्तीने आणलं होतं, हेही खरं. तू दारातच तिचा हात धरलास आणि खुणेने सांगितलंस, ही माझी जुनी मुलगी. तिला वाटलं असेल, या म्हातारीला एक शब्द येत नाही, हिच्यासमोर चुकलं तर काय बिघडणार आहे. आणि पहिल्याच जेवणात तिने तुला वाक्य दिलं: मीठ द्या. तू म्हणालीस. मुलींनी मीठ पुढे केलं. मग तू पोळीलाही मीठ म्हणालीस, पाण्यालाही मीठ म्हणालीस. सात मुली गाल आत ओढून गप्प, कारण हसलं की फिरणं बंद. इराने तुझ्यासमोर एकेक वस्तू ठेवली आणि नाव सांगितलं. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. मी ओट्याकडे तोंड करून उभी होते, डोळ्यांतलं पाणी कांद्यावर घालत.

आणि तो बंबाचा दिवस. मी मिरच्यांची फोडणी दिली, तुझ्या घराचा धुराचा भोंगा वाजायला लागला, आणि तो भोंगा कुठल्याशा कंपनीला जोडलेला, त्यांनी परस्पर बंब पाठवला. दारात हेल्मेट घातलेला केवढा मोठा माणूस. “मॅम, इज एव्हरीवन ओके?” तू त्याच्याकडे बघत उभी. घरात इंग्रजी बोलायचं नाही. तो दुसऱ्यांदा विचारतो, तू पुन्हा गप्प. त्याला वाटलं म्हातारीला धूर लागला. शेवटी इरा ओरडली, “नोराआजी, बाहेर. बाहेर जा.” तू उंबरा ओलांडून पोर्चवर गेलीस, दार मागे लावून घेतलंस, आणि त्याला इंग्रजीत सगळं समजावलंस. काचेतून आम्हाला दिसत होतं. तो हेल्मेट काढून हसत होता. परत आत आलीस आणि गंभीर चेहऱ्याने मला म्हणालीस, “मीठ.” त्या दिवशी सगळ्यांना हसायची सूट होती, कारण ते तूच मुद्दाम म्हणाली होतीस.

तीन जुलै झाले असे. सातच्या अकरा मुली झाल्या. ज्या आया पहिल्या वर्षी नूडल्स लपवत होत्या त्याच आता भाकऱ्या थापायला येतात. तुला शेवटी शेवटी चांगली चाळीसेक वाक्यं येत होती, आणि रागावता तर फारच छान येत होतं, “ए, बूट बाहेर.” इरा तुझ्याशी घडाघडा बोलायची. मुक्काम संपल्यावरही शाळेतून येताना तुझ्या घरी थांबायची आणि मराठीत गप्पा मारून घरी यायची. घरी आल्यावर माझ्याशी, “हाय आजी, व्हॉट्स फॉर डिनर.”

मराठी आली. माझ्याकडे नाही आली.

मी तुला म्हणायचे, होईल हळूहळू. तू म्हणायचीस, नाही होणार, तू तिची माफी मागितली नाहीस. आणि मग आपलं जुंपायचं. मी म्हणायचे, आमच्यात मोठी माणसं लहानांची माफी मागत नाहीत. माझ्या आजीने माझी मागितली नाही, आईने मागितली नाही. चुकलं तर आम्ही काहीतरी गोड करून पुढ्यात ठेवतो, मुलं समजून घेतात. त्या प्रकरणानंतर मी तिला किती शिरे केले, किती पुरणपोळ्या केल्या. तू म्हणायचीस, “पुरणपोळी छान असते, सुमन. पण तिला काय कळणार ती कशाबद्दल आहे?” मी म्हणायचे, कळतं मुलांना. “मग बोलत का नाही ती तुझ्याशी?” यावर मी चिडायचे. एकदा तर म्हटलं, “तुम्हा लोकांचं सॉरी स्वस्त असतं, दार लागलं तरी सॉरी.” तू रागावली नाहीस. कप विसळत म्हणालीस, “मग तुला जमायला हरकत नाही, स्वस्त आहे तर.”

या वसंतात तुला शेवटचे दिवस काढायला हॉस्पिसमध्ये नेलं. खिडकीबाहेर पांढऱ्या फुलांचं झाड होतं, दुपार होती, तू मला उशी सरळ करायला लावलीस आणि म्हणालीस, “त्या शाळेत मी एकदा हसले होते. हे तुला कधी सांगितलं नाही.” तू तेव्हा चौदा वर्षांची. ब्रायडी नावाची नवी मुलगी, तुलाच नेमून दिलेली. तिने सगळ्या टेबलासमोर पहिलं मोठं वाक्य म्हटलं आणि तुला इतकं हसू आलं की दूध नाकातून आलं. तुझं फिरणं बंद झालं. ननने सांगितलं, जाऊन माफी माग. तू मागितली नाहीस. लाज वाटली. त्याऐवजी घरून आलेल्या केकचा मोठा तुकडा तिच्या उशाशी ठेवलास.

“नाताळाला ती घरी गेली ती परत आली नाही. माझ्यामुळे की आणखी कशामुळे, माहीत नाही. सत्तर वर्षं विचार करतेय. केक खाल्ला होता की नाही, तेही माहीत नाही.”

मी तुझा हात धरून बसले. थोड्या वेळाने डोळे मिटूनच म्हणालीस, “मी चौदा वर्षांची होते. तुझं काय कारण आहे?”

मी हसले, तूही हसलीस, आणि नर्स आत आली. पुढच्या वेळी उत्तर देईन म्हटलं. पुढची वेळ आली तेव्हा तू झोपेतच होतीस.

तर आता ऐक.

तुझी फ्यूनरल झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, इरा ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून सीरियल खात होती. मी पदराला हात पुसत तिच्यासमोर उभी राहिले. काही गोड केलं नव्हतं. मुद्दाम केलं नव्हतं. म्हटलं, “इरा, मला तुझी माफी मागायचीय.”

“फॉर व्हॉट?”

“तो व्हिडिओ. तू लहान होतीस तेव्हाचा. मी सगळ्यांना पाठवला. तुला विचारलं नाही. आणि मग मिरजेत सगळ्यांसमोर तुला परत परत म्हणायला लावलं. माझं चुकलं, बाळा.”

तिने चमचा वाडग्यात ठेवला. मग म्हणाली, “यू रिमेंबर दॅट?”

“रोज आठवतं.”

“आय थॉट यू फरगॉट.” तिने वाडगा थोडा पुढे सरकवला. मग, “एव्हरीबडी लाफ्ड, आजी. यू लाफ्ड द मोस्ट.”

नोरा, मला त्या क्षणी किती काय सांगावंसं वाटलं. की मी प्रेमाने हसले. की आमच्यात असंच असतं. सगळं तोंडाशी आलं होतं. पण तू कप विसळताना दिसलीस. मी म्हटलं, “हो. सगळ्यात जास्त मीच हसले.”

“ओके,” ती म्हणाली. वाडगा उचलून सिंकमध्ये ठेवला आणि वर तिच्या खोलीत गेली.

बस, एवढंच. मला वाटलं होतं ती गळ्यात पडेल. काही पडली नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. मी वैशालीला सांगितलं, तर ती पोळी लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, “आई, तुम्ही खरंच तिला असं म्हणालात?” आणि मग तीच माझ्या गळ्यात पडली, पीठभरल्या हातांनी. म्हणजे कुणीतरी पडलं.

मधल्या दिवसांत मेव्ह येऊन गेली. घर विकावं लागणार आहे तिला, पण ऑगस्टपर्यंत नाही, असं म्हणाली. यंदाचा जुलै तुझ्या घरातच. पुढच्या वर्षीसाठी वैशालीच्या मैत्रिणीने तिचं बेसमेंट देऊ केलंय, बघू. मेव्हने मला एकटीला बाजूला घेऊन विचारलं, “आईला ती सगळी वाक्यं येत होती, मला एकही येत नाही. ना तिची आयरिश शिकले, ना ही. यंदा मला नवी मुलगी म्हणून घ्याल का?” मी म्हटलं, घरातल्याच माणसाला घ्यायची आपली पद्धत आहे. ती रडली थोडी. तिची जुनी मुलगी कोण, ते मुली ठरवणार आहेत, मी मधे पडणार नाही.

आणि काल. काल संध्याकाळी मी माझ्या खोलीत तुझ्यावर हाच लेख लिहीत बसले होते. चार ओळी व्हायच्या आणि थांबायच्या. तर इरा तरातरा आत आली, भिंतीकडे बघितलं, माझ्या फोनकडे बघितलं, आणि माझ्यावर उखडली. माझ्या फोनचा चार्जर खराब झालाय म्हणून मी तिचा आणला होता, न विचारता, आणि हे काही पहिल्यांदा नव्हतं. कंबरेवर हात ठेवून तिने मला दोन मिनिटं झापलं. अख्खं मराठीत. तिला स्वतःला कळलं की नाही, देव जाणे. रागात होती.

मला हसू आलं नाही, नोरा. हसण्यासारखं त्यात खूप होतं, पण आलं नाही. मला तिचं म्हणणं समजलं आणि मी उलट भांडले. म्हटलं, तू माझी शाल नेतेस तेव्हा विचारतेस का? ती म्हणाली, शाल आणि चार्जर एक असतात का. मी म्हटलं, माझ्यासाठी असतात. चांगली पाच मिनिटं आमची जुंपली. जेवायला हाक आली तेव्हा कुठे थांबलो, आणि चार्जर ती घेऊनच गेली.

आज सगळा लिहून झाल्यावर मी तिला हा लेख वाचून दाखवला. यात तू आहेस, म्हटलं, छापू का? तिने एक ठिकाणी दोन ओळी काढायला लावल्या. काढल्या. बाकी ठीक आहे म्हणाली.

त्या भांडणात ती नेमकं काय काय बोलली, कुठला शब्द कुठे लावला, माझ्या कानात सगळं जसंच्या तसं आहे. शनिवारी तिकडे दफनभूमीत तुझ्याजवळ येणार आहे, तेव्हा तुला एकटीला सांगेन. इथे लिहिणार नाही.

तुझी,
सुमन